इंधन सादळलं नव्हतं हो काका!

नमस्कार काका, (तुम्हीच लिहिलंय की माझ्या वयाचा मुलगा आहे तुम्हाला, म्हणून काका.) माझ्या लेखावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं की इस्रोच्या छोट्या रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, पहिलं उड्डाण फसलं ते ऑगस्टच्या दमट हवेत घन इंधन सादळल्यामुळे, सेन्सरची गोष्ट म्हणजे निव्वळ सारवासारव, आणि मी गोव्यात डिचोलीत बसून तीच छापतोय. डिचोलीत बसून छापतो हे अगदी खरं, बाकीचं बघूया.

आधी माझी चूक. मी लेखात 'सेन्सर बिघडले' असं ठोकून दिलं होतं, ते बरोबर नाही. 7 ऑगस्ट 2022 ला श्रीहरिकोट्याहून रॉकेट सुटलं आणि तिन्ही घन टप्पे नीट जळले. दुसरा टप्पा सुटताना जो हादरा बसला तो ॲक्सेलरोमीटरच्या, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतोय ते मोजणाऱ्या सेन्सरच्या, मापाबाहेरचा होता, वजनकाट्यावर हत्ती ठेवल्यासारखं, आणि तेही क्षणभरच. सेन्सर धडधाकट होते, पण सॉफ्टवेअरला वाटलं सगळे गेले, म्हणून त्याने रॉकेट कसंबसं वाचवायचा मोड चालू केला. त्यात शेवटचा द्रव इंधनाचा छोटा टप्पा, जो कमीजास्त सांभाळायलाच ठेवलेला असतो, तो कामालाच आला नाही. वेगात जेमतेम टक्काभर तूट पडली, आणि 356 किलोमीटरच्या गोल कक्षेऐवजी मिळाली 356 बाय 76 ची, म्हणजे एका बाजूला 76 किलोमीटरपर्यंत खाली येणारी. 76 किलोमीटरवर हवा लागतेच, रॉकेटने नेलेले दोन्ही उपग्रह खाली.

आता सादळण्याबद्दल. चवथीचे फटाके आठवून तुम्ही लिहिलंय हे कळतं, आमच्याकडेही गणपतीवर माटोळी (फळापानांचं छत) बांधायच्या आधी आजी फटाके चुलीच्या उबेला ठेवायची आणि आई ओरडायची. पण फटाक्यात कागदाच्या नळीत सुटी दारू असते, ती ओल धरते. रॉकेटच्या मोटारीत ऑक्सिडायझर (जळायला ऑक्सिजन पुरवणारा पदार्थ) आणि ॲल्युमिनियमची पूड रबरासारख्या बाइंडरमध्ये, म्हणजे सगळं धरून ठेवणाऱ्या पदार्थात, घट्ट बसवलेली असते. आणि आपला ऑगस्ट तिकडे लावू नका, श्रीहरिकोट्याचा मोठा पाऊस ऑक्टोबरनंतरचा. तेही सोडा, एसएसएलव्हीचं तिसरं उड्डाण 16 ऑगस्ट 2024 ला झालं, त्याच महिन्यात, आणि व्यवस्थित झालं. मधलं दुसरं 10 फेब्रुवारी 2023 चं, त्याच्या आधी काय बदललं? दुसरा टप्पा सोडवायची यंत्रणा बदलली आणि सेन्सर मेला असं ठरवण्याआधी सॉफ्टवेअरने जरा थांबावं असं केलं. इंधनात दोष असता तर इंधन सोडून हे कशाला बदलतील?

मात्र घन इंधनावर संशय घेणंच चूक असं मी म्हणत नाही हां. इंधन आतल्या पोकळीच्या भिंतीवरून जळत जातं, जळणारा पृष्ठभाग जितका मोठा तितका दाब जास्त. आत कुठे चीर गेली, किंवा इंधन कवचापासून सुटलं, की आगीला जास्तीचा पृष्ठभाग मिळतो, दाब चढतो आणि कवच फुटू शकतं. उलट दाब कमी पडला तरी संपलंच, 18 मे 2025 ला इस्रोच्याच मोठ्या रॉकेटच्या, पीएसएलव्हीच्या, घन तिसऱ्या टप्प्यात दाब उतरला आणि उपग्रह गेला. पेटल्यावर हे बंद करता येत नाही, गॅस बारीक करावा तसं कमीजास्तही करता येत नाही, दिवाळीतला बाण सोडल्यावर तुम्ही काय करणार, बघतच राहणार ना.

तुमचं दुसरं वाक्य, 'छोटं रॉकेट म्हणजे सोपं काम', ते मला जास्त खटकलं. जपानचं एसएस-520 बघा, तिन्ही टप्पे घन इंधनाचे, साडेनऊ मीटर लांब, वजन 2.6 टन, म्हणजे आपल्या खाणीवरच्या टिप्परपेक्षा हलकं. 15 जानेवारी 2017 ला ते सुटलं आणि साधारण 20 सेकंदांत डेटा येणं बंद झालं. रॉकेट कुठे चाललंय तेच कळेना म्हणून दुसरा टप्पा पेटवलाच नाही, सगळं समुद्रात. पहिला टप्पा ठीकच जळला होता! तपासात सगळ्यात जास्त संशय आला वायरवर, वजन वाचवायला केलेल्या बदलांत ती घासली जाऊन शॉर्ट झाली असावी असा. मोठ्या रॉकेटात वायरभोवती जाड आवरण घालायला जागा असते, इथे ग्रॅमाग्रॅमाचा हिशेब. पुढच्या वर्षी 3 फेब्रुवारीला त्याच प्रकारचं दुसरं रॉकेट दुरुस्त्या करून उडवलं आणि छोटा उपग्रह कक्षेत गेला.

लेखातलं 'बिघडले' आत्ताच काढलंय, आणि एका वाचक काकांमुळे काढलं असं खाली लिहिलंय. नाव घालू का ते सांगा.