आधी सह्या, मग सभा

गांधी जयंतीच्या ग्रामसभेत पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ‘सर्वानुमते’ मंजूर झाला, असे सिंधुदुर्गातल्या आमच्या ग्रामपंचायतीच्या इतिवृत्तात आता लिहिले गेले आहे, आणि ते वाक्य वाचल्यापासून माझा संताप शमलेला नाही. सभा सकाळी अकराला ठेवली होती. त्या वेळी होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात, मासळीचा लिलाव चालू असतो आणि गाबीतवाडीतली, म्हणजे मासेमारांच्या वाडीतली, एकही बाई किनारा सोडू शकत नाही, हे गावातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्या घरी मासळी त्याच लिलावातून येते, त्यामुळे हे नजरचुकीने झाले, असे मला कोणी सांगू नये.

लिलाव आटोपून बायका टोपल्या घेऊन देवळाच्या पायऱ्यांपाशी पोहोचल्या तेव्हा सभामंडपात चहा आणि वडे वाटले जात होते. सरपंचबाई गप्प बसून होत्या आणि त्यांचे यजमान नेहमीप्रमाणे उत्तरे देत होते. ‘काकी, तुमचो विषय फुडच्या आराखड्यात घेवया,’ असे त्यांनी सर्वांत वयस्कर बाईंना सांगितले. ‘मगे आमका बोलावलास कित्याक?’ असे काकींनी विचारले, आणि त्या प्रश्नाला भर मंडपात एकानेही उत्तर दिले नाही. मी उपस्थितीची वही मागितली. ती देण्यावरून आधी बरीच टाळाटाळ झाली, मग माझा आवाज चढला, आणि वही हाती आल्यावर तिच्यात ह्याच बायकांच्या सह्या ओळीने दिसल्या. सह्या आदल्या दिवशी घरोघरी वही फिरवून घेतल्या होत्या आणि ‘सभेची नोटीस मिळाली म्हणून सही करा’ एवढेच त्यांना सांगितले होते. ह्याहून संतापजनक गोष्ट पुढच्या पानावर होती. आराखड्याच्या ठरावाची सूचक म्हणून जिचे नाव लिहिले आहे ती बाई त्या घटकेला किनाऱ्यावर बांगडा विकत होती. आपण ठराव मांडला आहे, हे तिला माझ्याकडून कळले. ज्या बाईचा शब्द मंडपात कोणी ऐकून घेत नाही, तिचेच नाव ठरावाला लावून तिच्याच मागणीवर काट मारायची, ह्या कृत्याला मी चोरीच म्हणते.

काट कशावर मारली, तर मासळी सुकवण्याच्या ओट्यावर, बाजारातल्या बायकांच्या शौचालयावर, बौद्धवाडीच्या वहाळावरील (ओढ्यावरील) साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, आणि तिथल्या विहिरीच्या कामावर. एप्रिल उजाडला की त्या विहिरीचे पाणी मचूळ होते आणि माणसे हंडे घेऊन वरच्या वाडीत जातात. पावसाळ्यात वहाळ भरला की मुलांची शाळा बुडते. ओटा नाही म्हणून मासळी वाळूत सुकते, वाळूची मासळी व्यापारी पाडून मागतो, आणि तो तोटा थेट बाईच्या हातातल्या पैशातून जातो. मंजूर काय झाले, तर गावाच्या वेशीवर स्वागत कमान, देवळापुढे पेव्हर ब्लॉक आणि तिठ्यावर हायमास्ट दिवा. मला ह्या कमानींची मनापासून चीड आहे. सागरी महामार्गाने जाताना जागोजागी त्या उभ्या दिसतात, प्रत्येकीवर कोणाचे तरी नाव ठळक अक्षरांत असते, आणि त्यांच्याखालून हंडे घेऊन जाणाऱ्या माणसांना त्या सावलीसुद्धा देत नाहीत.

निधी नाही, हे कारण मी ऐकून घेणार नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 ह्या काळातील अनुदानाचा 60 टक्के भाग बंधित होता, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा होता. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. हा हिशेब सभेत वाचून दाखवा, असे म्हटले की ‘ऐनवेळच्या विषयात घेऊ’ असे उत्तर मिळते, आणि ऐनवेळचे विषय येईपर्यंत राष्ट्रगीत झालेले असते.

सभा देवळाच्या सभामंडपातच का, हेही मी फार पूर्वीपासून विचारत आहे. शाळेची खोली रिकामी असते. मंडपात बौद्धवाडीतली माणसे आजही कडेला, खांबाला टेकून उभी राहतात आणि विचारल्याखेरीज बोलत नाहीत, हे सगळ्यांना दिसते. तरीही ‘पूर्वीपासून इथेच होते’ ह्या एका वाक्यावर विषय मिटवला जातो. नियमित ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असे कायदा सांगतो. आमच्याकडे ती कागदावर झालेली असते. 2011 पासून राज्यात स्थानिक संस्थांतल्या अर्ध्या जागा महिलांना राखीव आहेत आणि सरपंचबाईंचे यजमान अजून माईक सोडायला तयार नाहीत.

ह्याच सिंधुदुर्गातल्या 25 ग्रामसभांनी आपापले गाव पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर करावे असे ठराव केले होते, ह्याची नोंद माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने 2011 च्या अहवालात केली. अहवाल ग्रामसभांपुढे नेऊन लोकांना ठरवू द्या, असे समितीचे म्हणणे होते. प्रत्यक्षात केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने तो दडवून ठेवला आणि माहिती अधिकाराची लढाई दिल्ली उच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर मे 2012 मध्ये तो लोकांसमोर आला. दिल्लीत जे अहवालाचे झाले तेच आमच्या गावात आराखड्याचे होते: मसुदा दाखवायचा नाही आणि लोकांना काही कळत नाही असे वर म्हणायचे. लोकांना कळते. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाने सगळे निर्णय एकमताने घेण्याची रीत पाडली आणि 2009 मध्ये आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला. केरळने 1996 मध्ये राज्याच्या योजनानिधीचा 35 ते 40 टक्के वाटा स्थानिक संस्थांना देऊन ग्रामसभांतून आराखडे करायला घेतले. ती माणसे आमच्या काकींपेक्षा अधिक शहाणी होती, असे मी मान्य करणार नाही. त्यांच्या सभेला त्यांना पोहोचता येत होते, एवढाच फरक आहे.

‘माणसे येतच नाहीत हो,’ हे ग्रामसेवकांचे आवडते वाक्य आहे. गणपूर्तीला 100 किंवा 15 टक्के मतदार, यांतली जी संख्या कमी असेल ती पुरते, आणि तेवढीही जमली नाही तर तहकूब सभेला गणपूर्तीच लागत नाही. मग माणसे यावीत म्हणून धडपड करण्याची गरज कोणाला उरते?

आम्ही गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार दिली आहे आणि पोच घेतली आहे. आराखड्याचा मसुदा सभेच्या आधी प्रत्येक वाडीत मराठीत लावावा, इतिवृत्त सभा संपण्यापूर्वी वाचून मगच सह्या घ्याव्यात, आणि महिला सभा लिलाव आटोपल्यावर दुपारी तीन वाजता गाबीतवाडीत घ्यावी, अशी मागणी त्यात केली आहे. कमानीचा ठराव त्या सभेपुढे पुन्हा ठेवा. ओटा आणि साकव बाजूला सारून बायकांनी तिथे हात वर करून कमानच मागितली, तर मी पुन्हा त्या विषयावर तोंड उघडणार नाही.