टॅपेट म्हटलं, बेअरिंग निघालं: जॉबरकाकांना उत्तर

काका, नमस्कार.

प्रतिक्रियेखाली तुम्ही नाव न देता ‘होटगी रोडवरचा जुना जॉबर’ एवढंच लिहिलंत (जॉबर म्हणजे कापडाचे माग दुरुस्त करणारा, चालू ठेवणारा), म्हणून काकाच म्हणतो. परवा रात्री वाचली तेव्हा राग आला होता. काल पुन्हा वाचली तेव्हा तो बराच उतरला. आज उत्तराला बसलोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांची २००८ ची वॅगन-आर, २ लाख १४ हजार किलोमीटर झालेली. इंजिनातून टकटक यायला लागली. माझ्या जुन्या गाडीच्या आवाजांवरच्या लेखात त्यांनी वाचलं की वरच्या बाजूने येणारी, इंजिनाच्या निम्म्या वेगाची टकटक बहुतेक टॅपेटची (व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या भागाची) असते, घाबरायचं कारण नाही, जाड ऑइल टाकलं की बऱ्याचदा दबते. काकांनी २०डब्ल्यू-५० भरलं. आवाज दबला. सव्वा महिना गाडी पळवली आणि अक्कलकोटहून परत येताना आवाज असा सुटला की गाडी टोचन करून आणावी लागली. कनेक्टिंग रॉडचं (पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं) बेअरिंग गेलेलं. ३४ हजारांचं काम. त्यावर काकांचं म्हणणं असं: माझा सल्ला बेजबाबदार, आवाज लिहून कळत नसतो, ‘३१ वर्षं मागाच्या खडखडाटात काढली, कान कुणी शिकवून येत नाही’, आणि असलं वाचून लोक मिस्त्रीला अक्कल शिकवायला जातात.

मिस्त्रीच्या मुद्द्याचं आधी मिटवतो. मिस्त्रीला अक्कल शिकवू नये, पण आवाज कधी येतो, कधी जातो हे त्याला नीट सांगता यावं. ‘कायतरी वाजतंय बघा’ म्हणून गाडी सोडून जाणाऱ्या गिऱ्हाइकाने कुठल्या मिस्त्रीचं भलं झालंय?

आता बेजबाबदार सल्ल्याचा मुद्दा. चूक माझी आहे. ‘निम्म्या वेगाची टकटक’ हे मी खात्रीचं लक्षण असल्यासारखं लिहिलं. ते तसं नाही.

आणि गंमत म्हणजे ते का नाही, हे तुमच्याइतकं दुसऱ्या कुणाला पटकन समजणार नाही. साध्या मागात वर क्रँक शाफ्ट असतो, खाली बॉटम शाफ्ट. क्रँकच्या प्रत्येक फेऱ्याला फणी एकदा ठोकते, म्हणजे एक पिक, आडवा एक धागा बसतो. बॉटम शाफ्ट निम्म्या वेगाने फिरतो, त्याच्यावर टॅपेट बसवलेले असतात, आणि एका बाजूचा धोटा मारायचा फटका दर दुसऱ्या फेऱ्याला येतो. मोटारीच्या इंजिनात हाच हिशोब: क्रँकचे दोन फेरे, व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमचा एक. स्लोवर इंजिन मिनिटाला ८०० फेरे फिरत असेल तर एक व्हॉल्व्ह ४०० वेळा उघडतो. शब्दसुद्धा तोच, टॅपेट. माग बिघडला की तुम्ही नुसता आवाज ऐकत नव्हता. तो प्रत्येक पिकला येतोय की एकाआड एक, डाव्या बाजूने मारताना की उजव्या, हे बघत होता. हात लावून बघत होता, शेजारचा माग थांबवून बघत होता. म्हणजे कानाला तुम्हीही एकट्याला सोडत नव्हता. तेव्हा ‘शिकवून येत नाही’ हे मला मान्य नाही. तुम्हालाही कुणीतरी हेच शिकवलं असणार.

माझं चुकलं ते असं. निम्म्या वेगाने टॅपेट वाजतं हे खरं, पण त्याच वेगाने आणखीही बरंच काही वाजतं. एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या पाइपाचं) गॅस्केट एका सिलिंडरपाशी फुटलं असेल तर दर दोन फेऱ्यांनी एकदा फट्‌ होणार, कारण त्या सिलिंडरचा धूर तेव्हाच बाहेर पडतो. बऱ्याच गाड्यांत इंजेक्टरची टिकटिकही त्याच तालात. झिजलेल्या बोअरमध्ये पिस्टन आपटतो, त्याचा मोठा फटका जळणाच्या स्ट्रोकला, म्हणजे तोही दोन फेऱ्यांत एकदाच. आणि खरी मेख इथे आहे: रॉडचं बेअरिंग प्रत्येक फेऱ्याला वाजायला हवं असं पुस्तकी गणित सांगतं, पण सुरुवातीला जोराचा दणका बसतो तो जळणाच्याच स्ट्रोकला. बाकीचा कानाला पोचत नाही. म्हणजे निम्म्या वेगाची टकटक ऐकून बेअरिंग बाद करता येत नाही. तुमच्या गाडीत बहुधा हेच झालं.

शिवाय ८०० चे ठोके सेकंदाला तेराच्या वर पडतात, ४०० चे साडेसहा. नुसत्या कानाने कोण मोजणार? डिस्ट्रिब्युटरवाल्या जुन्या गाडीत एका प्लगच्या वायरला टायमिंग लाइट लावतात. दिव्याच्या प्रत्येक लुकलुकीला एक ठोका आला तर निम्मा वेग, दोन आले तर पूर्ण. पण नंतरच्या काही गाड्यांत प्लगला दर फेऱ्याला ठिणगी पडते, तिथे हा हिशोब बदलतो. हे मी लेखात लिहायला हवं होतं.

जाड ऑइलचं वाक्य तर त्याहून वाईट होतं, आणि ते खोटं नव्हतं म्हणूनच वाईट होतं. जाड ऑइलने टॅपेटचा आवाज दबतो. बेअरिंगचाही दबतो. झिजलेल्या फटीत जाड थर बसला की धातूवर धातू आपटणं काही दिवस कमी होतं, झीज मात्र चालूच राहते. तुम्ही आवाज बंद झाला म्हणून निदान बरोबर समजलात, आणि तसं समजायला मीच लावलं.

ऑइलचा दिवा लागला नव्हता, असंही तुम्ही लिहिलंय. तो दिवा फार उशिरा बोलतो. त्याचा स्विच साधारण अर्ध्या बारच्याही खाली दाब गेल्यावर दिवा लावतो, आणि बेअरिंगचे हाल त्याच्या आधीच सुरू झालेले असतात. खरी तपासणी म्हणजे तो स्विच काढून त्या जागी मीटर लावायचा, गाडी चांगली गरम करायची आणि काटा बघायचा. जुन्या मिस्त्रींचा अंदाज असा की दर हजार फेऱ्यांना १० पीएसआय तरी हवेत. कंपनीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो धरायचा. हे काम पाऊण तासाचं आहे. टकटक ऐकून व्हॉल्व्ह कव्हर उघडायच्या आधी, ऑइल बदलायच्या तर नक्कीच आधी, हे करायला हवं. मूळ लेखात ही ओळ नाही. आज रात्री घालतो, तुमचा उल्लेख करून.

गरम गाडीवर करायचं, हे आपल्याकडे सोलापुरात जास्तच लागू आहे. मे महिन्यात ४३-४४ अंशांत, दुपारी सात रस्त्याच्या सिग्नलला एसी लावून उभं राहिलं की ऑइल पाण्यासारखं होतं. जो आवाज डिसेंबरच्या सकाळी येत नाही तो तिथे येतो. त्यात रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं बोअरचं पाणी ओतलेलं असेल तर आत क्षार बसलेले, गाडी आणखी तापणार. (कूलंट टाका ओ, किती वेळा सांगायचं. हे काकांना नाही, बाकीच्यांना.)

पण उलटंही असतं, आणि ते मला माझ्या खिशातून शिकावं लागलं. माझी २००१ ची मारुती ८०० सकाळी सुरू केली की टकटक करायची. बाळ्याहून गावात गॅरेजवर पोचेपर्यंत गप्प. तिथे तीनदा टॅपेट सेट करून घेतले, तीनदा पैसे दिले. मिस्त्री पत्ती घालून गॅप बघायचा, थोडं कमीजास्त करायचा, गाडी गरम असल्यामुळे आवाज नसायचा, दोघेही खूश. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा टकटक. शेवटी दुसऱ्या एका म्हाताऱ्या फिटरने गाडी बघायलाच नकार दिला. म्हणाला, ‘आत्ता काय ऐकू? रात्री हितंच सोडा, सकाळी मी सेल्फ मारतो.’ सकाळी त्याने गार गाडी सुरू केली, पोराला सायलेन्सरच्या तोंडावर दोन क्षण फडकं धरायला लावलं, आणि टकटक दुप्पट झाली. मॅनिफोल्डचा एक स्टड तुटला होता, गॅस्केटच्या कडेला काजळी धरलेली. गरम झाल्यावर धातू फुगून फट बुजायची म्हणून आवाज जायचा. त्या दिवसापासून मी सगळ्यांना सांगतो, गार गाडीचा आवाज असेल तर गाडी रात्री गॅरेजवर ठेवा. अर्थात गार असताना वाजून नंतर गप्प होणारा झिजलेला पिस्टनही असतो, त्यामुळे गप्प झाली म्हणून सुटलो असं नाही. काजळी दिसली म्हणून मी सुटलो.

तुमच्या गाडीला आधी काय करता आलं असतं? एकेक सिलिंडर बंद करून बघणं. स्लोवर गाडी ठेवून एका वेळी एकाच इंजेक्टरचं सॉकेट काढायचं. चारपैकी एकावर टकटक एकदम मऊ पडली तर त्या सिलिंडरमधला जोर गेल्याने ती पडली, म्हणजे रॉड किंवा पिस्टनकडे संशय. मॅनिफोल्डची गळतीही अशीच मऊ पडते, म्हणून आधी काजळी बघून घ्यायची. टॅपेटला जळणाशी देणंघेणं नाही, तो वाजतच राहतो. पूर्वी प्लगची वायर ओढून हे करायचे. आताच्या इग्निशनवर तसं करू नका, झटका बसतो, कॉइल जाते, आणि न जळलेलं पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं. कॉमन रेल डिझेलवर तर पाइपाच्या नटाला पाना लावायचाच नाही, आतला दाब हजार बारच्या वर जाऊ शकतो, डिझेलचा फवारा कातडी फाडून आत शिरतो. दुसरं, गाडी अडीच हजारावर स्थिर धरून पाय अगदी हलका सोडायचा. त्या क्षणी आत खडखडलं तर बेअरिंगचा संशय पक्का. टॅपेट तसं पायागणिक बोलत नाही.

आणि ऑइल काढलं तेव्हा ते टाकून दिलंत ना? ते पांढऱ्या टबात काढून उन्हात बघायचं होतं. चमकी दिसली असती. त्यात चुंबक फिरवून काही चिकटलं नाही म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, बेअरिंगच्या वरच्या थराचा धातू चुंबकाला चिकटत नाही. फिल्टर कापून बघायचा तर पत्र्याच्या कात्रीने कापा. हॅक्सॉने कापलं की करवतीचाच कीस आत पडतो आणि चांगल्या इंजिनवर आळ येतो.

यातलं काहीही बेअरिंगकडे बोट दाखवत असेल तर गाडी तिथंच बंद करायची, घरापर्यंतसुद्धा न्यायची नाही. वेळेत सापडलं तर बेअरिंग सेट आणि क्रँक पॉलिश, फार तर ग्राइंडिंग. उशीर झाला की रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. तुमचं ३४ हजारांत भागलं, कारण आवाज सुटल्यावर तुम्ही गाडी ओढत आणली, चालवत नाही. तो निर्णय माझ्या लेखातला नव्हता, तुमचा होता.

एक विचारायचं राहिलं. इंजिन बांधताना ऑइल पंप बदलला का? चेंबर (खालची ऑइलची टाकी) खोलल्यावर ऑइल ओढणाऱ्या स्ट्रेनरची जाळी कुणी धुऊन बघितली का? बेअरिंग कशाने गेलं हे शोधलं नसेल तर नवीनही त्याच वाटेने जाईल. काढलेली बेअरिंगं मिस्त्रीने तुमच्या हातात दिली असतील तर फेकू नका. चारही जोड्या शेजारी मांडा. सगळ्यांचाच वरचा करडा थर जाऊन खालचा तांबूस दिसायला लागला असेल तर सगळ्यांनाच ऑइल कमी पडत होतं, म्हणजे पंपापासून शोधावं लागेल. एकच खाल्लेलं असेल तर त्या जर्नलचं (क्रँकच्या ज्या भागावर ते बेअरिंग बसतं त्याचं) आणि तिथे ऑइल नेणाऱ्या भोकाचं काहीतरी आहे. फोटो पाठवा, किंवा रविवारी सकाळी घरी असाल तर मी होटगी रोडला येतो, जर्मनच्या परातीत मांडून दोघं बघू.