झेनॉनची संयुगं आणि बाहेरचा इलेक्ट्रॉन: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. ‘अणूला बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन हवे असतात, म्हणून तो बंध करतो’ या माझ्या लेखातल्या वाक्यावर तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. अणूला इच्छा नसते. झेनॉन या ‘निष्क्रिय’ म्हणवल्या जाणाऱ्या वायूचं बाहेरचं कवच भरलेलं असूनही त्याची संयुगं होतात. आणि म्हणून बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अभिक्रियाशीलता ठरते हे म्हणणंच पोकळ आहे. पहिले दोन मला पूर्ण मान्य. तिसरा मात्र पटत नाही, आणि तो न पटण्याचं कारण झेनॉनच आहे.

आधी ‘हवे असतात’बद्दल. सोडिअम आपला इलेक्ट्रॉन खुशीने देऊन टाकतो असं आपण वर्गात सर्रास सांगतो. तसं काही नसतं. वायुरूपातल्या एक मोल सोडिअम अणूंमधून एकेक इलेक्ट्रॉन काढायला ४९६ किलोज्यूल मोजावे लागतात. क्लोरीनने ते घेतले की ३४९ परत मिळतात. म्हणजे नुसत्या देवघेवीत १४७ किलोज्यूलची खोटच. ती भरून निघते धन आणि ऋण आयन, म्हणजे विद्युतभार आलेले अणू, एकमेकांना बिलगून मिठाचा स्फटिक रचतात तेव्हा. त्यात मोलामागे सुमारे ७८७ किलोज्यूल बाहेर पडतात. हा हिशेब मी लेखात द्यायला हवा होता. दिला नाही, ही चूक माझी.

पण याच हिशेबातली पुढची रक्कम बघा. सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन काढायला ४५६२ किलोज्यूल लागतात, पहिल्याच्या नऊपटीहून जास्त. तो आतल्या कवचातला, केंद्रकाच्या ओढीत घट्ट अडकलेला. एवढा खर्च मिठाचा स्फटिक फेडू शकत नाही, म्हणून सोडिअमचा व्यवहार एका इलेक्ट्रॉनवर थांबतो. आठाच्या हौसेपायी तो थांबत नाही.

मी मुलांना सोडिअम दाखवतो तेव्हा रॉकेलमधून काढलेला तुकडा सुरीने साबणाच्या वडीसारखा कापला जातो. कापलेली बाजू चांदीसारखी चमकते आणि बघता बघता काळवंडते. मुगाच्या दाण्याएवढा तुकडा पाण्यावर टाकला की वितळून त्याची गोळी होते, ती सूं सूं करत सैरावैरा धावते, आणि पाण्यात फिनॉल्फ्थॅलीन (अल्कात गुलाबी होणारं द्रव्य) असेल तर तिच्यामागे गुलाबी रेघ उमटत जाते. पोटॅशिअमचा तेवढाच तुकडा पडल्या पडल्या पेट घेतो, ज्योत जांभळट. दोघांच्याही बाहेरच्या कवचात एकेकच इलेक्ट्रॉन. फक्त पोटॅशिअमचा एक कवच पलीकडे आहे आणि ४१९ किलोज्यूलमध्ये सुटतो. तेव्हा बाहेर किती इलेक्ट्रॉन आहेत एवढं पुरत नाही, ते किती लांब आणि किती सैल आहेत हेही बघावं लागतं. हा मुद्दा तुमच्या प्रतिक्रियेत राहून गेलाय असं मला वाटतं.

आता झेनॉन. रसायनशास्त्रज्ञ नील बार्टलेट कॅनडात, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात काम करत होते. प्लॅटिनम हेक्झाफ्लोराइड हे ऑक्सिजनच्या रेणूतूनसुद्धा इलेक्ट्रॉन ओढून घेतं हे त्यांना दिसलं होतं. मग त्यांच्या ध्यानात आलं की झेनॉनमधून इलेक्ट्रॉन काढायलाही जवळपास तेवढीच ऊर्जा लागते, मोलामागे ११७० किलोज्यूल. १९६२ साली त्यांनी हेक्झाफ्लोराइडची लाल वाफ आणि रंगहीन झेनॉन एकत्र आणले, आणि साध्या खोलीच्या तापमानाला नारिंगी-पिवळा घन पदार्थ, म्हणजे झेनॉनचं संयुग, तयार झालं. मला हा प्रयोग फार प्रिय आहे. ‘निष्क्रिय’ या शिक्क्यावर विसंबून न राहता त्या माणसाने बाहेरच्या इलेक्ट्रॉनची पकड किती आहे ते पाहिलं. हेलिअमला २३७२, निऑनला २०८१, अरगॉनला १५२१, क्रिप्टॉनला १३५१ आणि झेनॉनला ११७०: कवच दर वेळी भरलेलंच, पण पकड सुटत जाते. तुम्ही जो पुरावा माझ्या विरुद्ध दिलात, तो बाहेरच्या इलेक्ट्रॉनचाच पुरावा आहे.

‘मग शाळेत अष्टक, म्हणजे बाहेर आठ इलेक्ट्रॉनांचा नियम, शिकवायचंच कशाला?’ असंही तुम्ही विचारलंय. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन यांच्या दुसऱ्या कवचात आठच जागा असतात, आणि आपल्या शरीरातली बहुतेक रेणूरचना यांतल्या पहिल्या तिघांवर आणि हायड्रोजनवर उभी आहे. तिथे हा नियम मुलांना खरंच वाट दाखवतो. सल्फर हेक्झाफ्लोराइडमध्ये गंधकाभोवती सहा फ्लुओरीन असतात, म्हणजे बंधांतले इलेक्ट्रॉन मोजले तर आठाहून जास्त. तिथे तो अपुरा पडतो, आणि तसं मुलांना स्पष्ट सांगावं.

लेखातलं वाक्य आता असं केलं आहे: ‘बाहेरचे इलेक्ट्रॉन किती आहेत आणि केंद्रकाने ते किती घट्ट धरले आहेत, यावर बंध करून ऊर्जा कमी होईल का हे ठरतं.’ ‘हवे असतात’ आणखी दोन ठिकाणी होतं, तेही काढलं.