फ्लेक्सवर फोटो कुणाचा?

आज १० जून २०२५. राष्ट्रवादीचा वर्धापनदिन पुण्यातच, पण दोन ठिकाणी. अजितदादांचा बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, पवारसाहेबांचा बालगंधर्वला. माझा एक शाळासोबती तुतारीवाला, म्हणजे पवारसाहेबांच्या पक्षाचा आहे, त्यानं ओढून नेलं म्हणून मी बालगंधर्वला गेलो. (मी कुठल्याच पक्षाचा नाही. बायकोच्या मते मी बटाटेवड्यासाठी गेलो. तेही अगदीच खोटं नाही.)

वाटलं होतं, सुतकी वातावरण असेल. तसं काही नव्हतं. घोषणा दणक्यात होत्या. 'मला सात वर्षं दिलीत, आता नव्या चेहऱ्यांना संधी द्या' अशा अर्थाचं प्रदेशाध्यक्ष जयंत पाटील बोलले, तेव्हा तर खालून 'नाही, नाही'चा गलकाच झाला. म्हणजे धुगधुगी आहे.

हिशोब मात्र जड आहे. गेल्या वर्षी लोकसभेला १० जागा लढवून ८ आल्या. साताऱ्यात पिपाणीनं (तुतारीशी गल्लत होणारं दुसऱ्याच उमेदवाराचं चिन्ह) घात केला नसता तर कदाचित नऊ. तिथे उमेदवार ३२ हजारांनी पडला आणि पिपाणी ३७ हजार मतं घेऊन गेली. त्यानंतर सहा महिन्यांच्या आत विधानसभा. ८६ लढवल्या, १० आल्या. पुणे शहरातल्या ८ पैकी एकटी वडगाव शेरी. महाविकास आघाडीतल्या तिघांपैकी एकाकडेही २८८ च्या दहा टक्के, म्हणजे २९ आमदार नाहीत, त्यामुळे विधानसभेत विरोधी पक्षनेत्याची खुर्चीसुद्धा रिकामी.

पण माझ्या मित्राला ही आकडेमोड फारशी टोचत नाही. हरणं त्याला नवं नाही. त्याला खातंय ते दुसरंच. दोन्ही राष्ट्रवादी एकत्र येणार, ही चर्चा महिनाभर चालू आहे, आणि वरून कुणी 'हो' म्हणत नाही की ठाम 'नाही' म्हणत नाही. वरच्यांना ही झाकली मूठ सोयीची असेल. प्रभागातल्या माणसाचं काय? ज्याच्याशी दोन वर्षं बोलणं टाकलं, चहाच्या टपरीवर पाठ फिरवली, तो उद्या पुन्हा 'आपला' होणार असेल तर आज त्याच्याविरुद्ध दारोदार काय म्हणून फिरायचं?

तेही ऐन महापालिकेच्या तोंडावर. पुण्यात शेवटची निवडणूक २०१७ ची. मार्च २०२२ पासून प्रशासक. ड्रेनेज तुंबलं तर लोक अजून माझ्या मित्रालाच फोन करतात, आणि हा कुणाला करणार? सुप्रीम कोर्टानं ६ मे रोजी सांगितलंय, चार महिन्यांत निवडणुका घ्या. विरोधी पक्षाला उभं राहायला यापेक्षा चांगली जमीन मिळायची नाही. सत्तेत नसलेल्या माणसाची किंमत गल्लीतच कळते. मुंबईत तिला कोण विचारतो? मी साहेबांच्या जागी असतो तर आज भाषणात एवढं एकच वाक्य बोललो असतो: महापालिका आपण वेगळे लढणार, किंवा एकत्र लढणार. काहीही, पण एक. (साहेबांना सल्ला देणारा मी कोण, हे कॉमेंटमध्ये लिहायची गरज नाही. माहीत आहे.)

बाहेर पडल्यावर वडा खाताना त्याला फ्लेक्सवाल्याचा फोन आला. पुढच्या आठवड्यात याचा वाढदिवस, डिझाइन तयार आहे. समोरून प्रश्न मला स्पष्ट ऐकू आला: "भाऊ, वर साहेबांचा एकट्याचा टाकू, का दादांचा पण?"

मित्रानं वड्याचा घास तसाच हातात धरला.

"थांब जरा," म्हणाला. "शुक्रवारी सांगतो."