मेटलसाठी ‘वूफर मोठा, वॉट जास्त’? जरा थांबा

“हेवी मेटल, ते कडक रॉक संगीत, ऐकायचंय ना? वूफर मोठा घ्या, वॉट जास्त बघा, इक्वलायझरवर बास-ट्रेबल वर आणि मिड खाली करा. भारी स्पीकरवर पैसे घालवू नका, शेवटी गोंगाटच तो.” हा सल्ला इतक्या जणांनी एकमेकांना दिलाय की आता त्याचा नियमच झालाय. मीही तो पाळून बसलो होतो. त्यात थोडं तथ्य आहे, त्याकडे येतोच.

आधी वूफर, म्हणजे स्पीकरमधला जाड आवाज काढणारा मोठा पडदा. गिटारची सगळ्यात जाड तार नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ८२ हर्ट्झवर (सेकंदाला ८२ कंपनं) वाजते. ब्लॅक सॅबथ बँडच्या गिटारवादक टोनी आयॉमीने १९७१ च्या सुमारास ती तीन सेमीटोन (पेटीच्या लागोपाठ तीन पट्ट्या) उतरवली, तरी ६९ च्या आसपासच. सात तारांच्या गिटारची खालची तार ६२. साडेसहा इंची वूफरचा बरा बुकशेल्फ स्पीकर इथवर सहज पोचतो. आणि रिफ, म्हणजे गिटारचा पुन्हापुन्हा वाजणारा तुकडा, चावते ती इथे नाहीच. ती चावते काहीशे हर्ट्झपासून चारेक हजारांपर्यंत, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात गायकाची गुरगुर आणि स्नेअर ड्रमही घुसलेले असतात. हाच तो मिड. म्हणजे मिड खाली करायचा सल्ला गाणंच खाली करायचा सल्ला आहे.

डबल बासचं, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बास ड्रमचं, गणित तर फारच मजेशीर आहे. २०० बीपीएमला (मिनिटाला २०० मात्रा) एका मात्रेत चार ठोके अशा वेगाने पाय चालले तर दोन ठोक्यांमध्ये अंतर उरतं ७५ मिलिसेकंद. किकचा (बास ड्रमच्या ठोक्याचा) जाड भाग ५५ हर्ट्झच्या आसपास धरला, तर तेवढ्या वेळात जेमतेम चार हेलकावे बसतात. स्पीकरचा खोका त्यानंतरही घुमत राहिला, की पुढचा ठोका मागच्याच्या शेपटीवर पडतो. मग ठोके मोजता येत नाहीत, नुसता मिक्सर चालू असल्यासारखा ‘घुंऽऽ’ ऐकू येतो.

खोलीही यात हात धुऊन घेते. १० बाय १२ फुटांच्या खोलीत भिंतींमधले पहिले अनुनाद (जिथे खोली स्वतःच घुमते) येतात ५६ आणि ४७ हर्ट्झला, म्हणजे बरोब्बर किकच्या घरात. माझा सबवूफर (फक्त जाड आवाजाचा वेगळा डबा) कोपऱ्यात होता आणि पलंग समोरच्या भिंतीला टेकलेला. प्रत्येक ठोक्याला शोकेसमधला कप बशीवर थरथरायचा. कप ऐकू यायचा, ड्रमर नाही. शेवटी डबा कोपऱ्यातून दीड फूट बाहेर ओढला, आवाज निम्म्यावर आणला आणि मागच्या पोर्टात, म्हणजे हवेच्या भोकात, एक जुना मोजा कोंबला. कप गप्प झाला. ड्रमरचे दोन पाय वेगवेगळे कळायला लागले. खर्च शून्य, मोजाही जोडीतला हरवलेला.

वॉटचं थोडक्यात. पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे) ते हजारोंचे आकडे छापणाऱ्यांना लखलाभ. वॉट दुप्पट केले की वाढतात फक्त ३ डेसिबल. ८४ ऐवजी ९० डेसिबल सेन्सिटिव्हिटीचा (एका वॉटवर किती मोठा वाजतो तो आकडा) स्पीकर घेतला, तर तोच ॲम्प्लिफायर चौपट वॉटचा असल्यासारखा वाजतो. हा आकडा खोक्यावर बारीक अक्षरात असतो, म्हणून कोणी वाचत नाही.

‘गोंगाटाला स्पीकर कशाला’ हे तर पार उलटं. डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा फाटका आवाज, ही गिटारवाल्याने ठरवून केलेली गोष्ट आहे. त्यावर हलका स्पीकर स्वतःची फाटकी भर घालतो, आणि मग कुठलं फाटणं बँडचं नि कुठलं डब्याचं हेच कळत नाही. 

आता ते तथ्य. चांगला स्पीकर वाईट रेकॉर्डिंग उघडं पाडतो, हे खरंच. मेटॅलिका बँडचा २००८ चा ‘डेथ मॅग्नेटिक’ अल्बम इतका दाबून मास्टर केलाय (शेवटच्या टप्प्यात आवाज चढवलाय) की तो कशावरही चिरकतो. त्यांच्याच १९८८ च्या ‘...अँड जस्टिस फॉर ऑल’मध्ये बास गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. तिथे सब वाढवणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं. आठ तारांची गिटार (४६ हर्ट्झ) किंवा पाच तारांचा बास (३१) रोज ऐकत असाल, तर सब जरूर घ्या. शक्यतो बंद डब्याचा, ८० हर्ट्झच्या आसपासून वरचं कापलेला, आणि बंद केल्यावरच तो होता हे कळेल इतक्याच आवाजाचा.

दुकानात जाताना आपलीच दोन गाणी न्या, त्यातलं एक भरधाव डबल बासचं. हळू आवाजात बास गिटार रिफपासून सुटी ऐकू येते का बघा. दुकानदाराचा हात आपोआप व्हॉल्यूमकडे जाईल. त्याला म्हणा, “दादा, अजून थोडा कमी करा.”