परदेशातून : डेड स्टॉकमधला लेझर

क्वांटम तंत्रज्ञानावरील संशोधनासाठीच्या केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मिळाली आणि ६,००३ कोटी रुपयांची तरतूद झाली. तेव्हापासून नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक वाद अधूनमधून पेटतो : आता सगळे इथेच होणार असेल, तर प्रकाशविज्ञान शिकायला मुले जर्मनीला कशाला जातात? एक बाजू म्हणते, सरकारच्या पैशावर शिकून ती परक्यांची धन करतात. दुसरी म्हणते, आपल्याकडे उपकरणेच नाहीत. जर्मनीतील येना येथे नॅनोफोटॉनिक्सचे, म्हणजे अतिसूक्ष्म रचनांमध्ये प्रकाश कसा वागतो या विषयाचे, पदव्युत्तर शिक्षण घेताना मला दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

उपकरणे आहेत. नॅनोरचना घडवण्याच्या सुविधा आयआयटी मुंबईत आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहेत, बाहेरच्या संशोधकांना त्या वापरू देणारी केंद्राची योजनाही जुनी आहे, आणि क्वांटम मिशनचे संवेदन व मापनाचे केंद्र आयआयटी मुंबईकडेच आहे. उणीव आहे ती या शिखराच्या खाली, एम.एस्सी.च्या वर्गात. माझ्या महाविद्यालयात लेझर होता; पण तो बिघडला तर डेड स्टॉक रजिस्टरमधल्या, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतल्या, नोंदीचे उत्तर कोण देणार, या धास्तीने बहुतेक काळ कपाटात असे. प्रात्यक्षिकाला तो निघाला, की एक जण वाचने घेई आणि बाकीचे ती जर्नलमध्ये उतरवून घेत. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर होते आणि प्रयोगशाळा सहायकाची जागा रिक्त होती, तेव्हा दोष तरी कोणाला द्यायचा?

भौतिकशास्त्रज्ञ एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये सूक्ष्मदर्शकाच्या विभेदनाची, म्हणजे जवळचे बिंदू वेगळे दाखवण्याची, मर्यादा मांडली, ती याच गावी. त्यांच्या स्मारकावर ते सूत्र कोरलेले आहे. ५०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश आणि उत्तम तैल-भिंग घेतले, तरी सुमारे १८० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रयोगशाळेत मात्र ६० नॅनोमीटरचा सोन्याचा कण काळ्या पार्श्वभूमीवर हिरवट ठिपक्यासारखा स्वच्छ दिसतो. त्याचा आकार कळत नाही, पण त्यातील इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर एकत्र डोलतात आणि ठरावीक रंगच जोराने विखुरतात. चांदीचा तसाच कण निळा दिसतो. प्रकाश आणि पदार्थ यांची आंतरक्रिया म्हणजे काय, हे मला समीकरणांपेक्षा त्या दोन ठिपक्यांनी अधिक समजावले. त्याआधी लेझरचा झोत जेमतेम ४ मायक्रोमीटर गाभ्याच्या प्रकाशतंतूत (ऑप्टिकल फायबरमध्ये) शिरवावा लागतो. दोन आरशांचे स्क्रू आलटूनपालटून केसभर फिरवत राहायचे आणि मापकावरचा आकडा चढेपर्यंत धीर सोडायचा नाही. हे काम विद्यार्थ्यानेच करायचे असते. एखादे भिंग फुटले, तर तंत्रज्ञ कपाळाला आठ्या घालतो आणि दुसरे देतो.

हे केवळ श्रीमंतीमुळे घडते, असे मला वाटत नाही. आबे विद्यापीठात प्राध्यापक होते आणि कार्ल झाइस यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात भागीदारही. काचतज्ज्ञ ओटो शॉट यांच्या काचेची जोड त्यांना १८८४ पासून मिळाली. कारखान्याची अडचण वर्गात येई आणि वर्गातले गणित कारखान्यात जाई. आपल्याकडेही साखर कारखान्यांच्या आधाराने महाविद्यालये उभी राहिली. (त्यातून शिक्षणसम्राट निपजले, तो विषय निराळा.) कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाच्या रसाचा ‘पोल’, म्हणजे त्यातील साखरेचे प्रमाण, ध्रुवित (पोलराइज्ड) प्रकाशाचे प्रतल किती वळते यावरून मोजतात, आणि जवळच्या महाविद्यालयात बी.एस्सी.चा विद्यार्थी साखरेच्या द्रावणावर तेच प्रात्यक्षिक करतो. पण दोघांची गाठ मी कधी पडलेली पाहिली नाही.

येथेही सारे आलबेल नाही. शिक्षणशुल्क नसले, तरी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात, म्हणजे ही वाट मुळात ज्याच्या घरी तारण ठेवायला काही आहे त्याचीच. अभ्यासक्रम इंग्रजीत असला, तरी कारखान्यातली नोकरी बहुधा जर्मन मागते. म्हणून सगळ्यांनी इकडे यावे, असे मी कोणालाही सुचवणार नाही. मिशनच्या किंवा राज्याच्या पैशातून प्रत्येक विद्यापीठात लेझर-आरसे मांडून प्रयोग करण्याचे एक प्रकाशीय मेज, कायम वेतनावरचा एक प्रयोगशाळा सहायक आणि विद्यार्थ्यांच्या हातून दरवर्षी ठरावीक रकमेपर्यंत सामान फुटले तर ते चौकशीविना निर्लेखित करण्याची, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याची, मुभा, एवढे मिळाले, तरी माझ्या मागून येणाऱ्या मुलांना आरशाचा स्क्रू पहिल्यांदा फिरवण्यासाठी येनापर्यंत यावे लागणार नाही.