म्हणे, नेम शिकवता येत नाही!

परवा ओहायोहून बहिणीचा फोन. हॅलो नाही, काही नाही, थेट प्रश्न: "दादा, ह्याला क्वार्टरबॅक सोडायला सांगू का रे?" भाचा पंधरा वर्षांचा, शाळेच्या ज्युनियर व्हर्सिटी (दुय्यम) संघात अमेरिकन फुटबॉल खेळतो, क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकून पास देणाऱ्या मुख्य खेळाडूच्या जागी. झालं असं की मेहुण्यांनी फॅमिली ग्रुपवर एक लांबलचक फॉरवर्ड टाकला होता. मला तो याआधी दोघांकडून येऊन गेला होता आणि मी गप्प बसलो होतो. आता घरापर्यंत आलाय म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

फॉरवर्डचं म्हणणं असं: क्वार्टरबॅकचा नेम मनगटात असतो आणि तो जन्मजात असतो. कोच फार तर प्लेबुक, म्हणजे ठरलेल्या चालींची वही, पाठ करून घेईल. कॉलेजात ज्याचे साठ टक्क्यांपेक्षा कमी पास पूर्ण होतात (म्हणजे आपल्याच खेळाडूकडून झेलले जातात) तो पुढे सुधारत नाही, व्यावसायिक लीगमध्ये फसलेला क्वार्टरबॅक टिम टिबो बघा. म्हणून चौदाव्या-पंधराव्या वर्षी नेम दिसला नाही तर मुलाची जागा बदला, कोचिंगवर पैसे घालवू नका.

साठ टक्क्यांचं आधी बघू, कारण ते मोजता येतं. जॉश अ‍ॅलन. वायोमिंग विद्यापीठात शेवटच्या दोन्ही मोसमांत 56 टक्क्यांच्या आसपास. 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, बफेलो बिल्स संघाने त्याला सातव्या क्रमांकावर घेतलं आणि हीच ओरड झाली होती. पहिल्या मोसमात 52.8 टक्के, म्हणजे ओरडणारे खूश. 2019 मध्ये 58.8. 2020 मध्ये 69.2. पुढे 2024 च्या मोसमाचा एमव्हीपी, म्हणजे लीगचा सर्वोत्तम खेळाडू, तोच. मधल्या काळात त्याचं मनगट बदललं नाही. ब्रायन डेबोलसारखा कोऑर्डिनेटर (आक्रमणाचा कोच) सलग चार मोसम मिळाला, आणि सुट्टीच्या महिन्यांत जॉर्डन पामर या माजी क्वार्टरबॅककडे त्याने पाय आणि फेक घोटून घेतली.

आता कोणीतरी म्हणणारच, 2020 मध्ये संघात स्टेफॉन डिग्ज हा रिसीव्हर (पास झेलणारा खेळाडू) आला ना! आला. 127 झेल घेतले, त्या वर्षी लीगमध्ये सर्वाधिक. शिवाय पूर्ण पासांची टक्केवारी म्हणजे निव्वळ नेम नव्हे. छोटे छोटे पास टाकले तरी ती फुगते. हे मला कबूल करावंच लागतं. 69 चा आकडा टिकलाही नाही. पण 2021 ते 2024 मध्ये तो एकदाही 63 च्या खाली गेलेला नाही, आणि 2023 संपल्यावर डिग्ज दुसऱ्या संघात गेला तरी 63.6 होतेच.

मनगटाचा मुद्दा मात्र वाचून हसावं की रडावं कळेना. ज्याने आयुष्यात एकदा गोलंदाजी केलीय त्याला विचारा, चेंडू कुठे जाणार हे पुढचा पाय ठरवतो की मनगट? इथेही तेच. पुढचं पाऊल लक्ष्याच्या रोखाने पडलं, मग कंबर वळली, मग खांदा, शेवटी हात, की चेंडू सरळ जातो. पाऊल फार लांब टाकलं की शरीर मागे राहतं आणि चेंडू रिसीव्हरच्या डोक्यावरून जातो. पाऊल आडवं पडलं की हात ओढून भरपाई करावी लागते. आणि निम्मा नेम तर डोळ्यांचा. रिसीव्हर वळायच्या आधी चेंडू सुटायला हवा. बचाव ओळखायला अर्धा सेकंद उशीर झाला तर तोच पास त्याच्या पाठीमागे पडतो. यातलं काय शिकवता येत नाही म्हणे?

नामांकित क्वार्टरबॅक ड्रू ब्रीसचा फेकीचा कोच टॉम हाउस मुळात बेसबॉलचा पिचर (चेंडू फेकणारा). ब्रीस 2003 मध्ये 57.6 टक्क्यांवर होता. 2018 मध्ये, वयाच्या 39 व्या वर्षी, त्याने 74.4 टक्क्यांचा तेव्हाचा विक्रम केला. दुसरा नामांकित क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी कुमारवयापासून ज्या टॉम मार्टिनेझकडे जायचा, त्याच्याकडे सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) जिंकल्यावरही फेक तपासून घ्यायला जात असे. जन्मजात गोष्टीची कोणी इतकी वर्षं सर्व्हिसिंग करून घेतो का?

टिबोचं उदाहरण साठ टक्क्यांच्या नियमात बसतच नाही, कॉलेजात त्याचे 66 टक्क्यांच्या आसपास पास पूर्ण झाले होते. पण पुढे तो सुधारला नाही, हे खरं. 2010 च्या ड्राफ्टआधी त्याने फेक बदलायचा प्रयत्न केला, तरी 2011 मध्ये 46.5 टक्केच. अंगावर माणसं धावून आली की जुनी सवय वर येते. पण कॉलेजात तो 2007 ची हाइजमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, जिंकून बसला होता. जिंकणाऱ्या पोराचा हात कोण दुरुस्त करायला जातो? उशीर झाला, एवढंच त्यातून कळतं.

आणि म्हणूनच पंधराव्या वर्षी निकाल लावायचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. आमचा हा गडी वर्षभरात चार इंच वाढलाय. पाय लांब झाले, बूट दोनदा बदलले, गेल्या वर्षीची फेक या वर्षीच्या अंगाला बसत नाही. नेमक्या ह्याच वयात पोरगा बाजूला काढायचा?

पैशांबद्दल फॉरवर्ड थोडा बरोबर आहे. तासाचे भरमसाट पैसे घेऊन शंकूंमधून पळवणारे 'क्यूबी (क्वार्टरबॅक) गुरू' अमेरिकेत गल्लोगल्ली आहेत. त्यांना देऊ नका.

बहिणीला एवढंच सांगितलं, बाजूने उभी राहून त्याच्या पायांचा व्हिडिओ काढ. काल आला. दहापैकी सात चेंडू उंच, आणि सातही वेळा पाऊल हातभर जास्त पुढे. तोच व्हिडिओ मेहुण्यांना पाठवलाय. निळ्या टिका झाल्यात, उत्तर अजून नाही.